आंब्यावरच्या हिरव्या चिंधीबाबत

नाव पारू पोशा हिलम, वय अंदाजे ४० (साहेबांनी तोंडाकडे बघून लिहिले), धंदा मजुरी, राहणार करंजवाडी, ता. खालापूर.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मी नवरा पोशा याच्यासह वरील ठिकाणी राहते. मजुरी नसली की आम्ही मध काढतो. आमच्यात मोहोळ जो आधी बघेल तो झाडाला चिंधी बांधतो. मग त्याला दुसरा कोणी हात लावत नाही.

रविवारी पोशाने माळावरच्या आंब्यावर आग्या मोहोळ पाहिले आणि माझ्या हिरव्या साडीची चिंधी बांधली. न विचारता फाडली, त्याबद्दल मी त्याला घरीच बोलले आहे. माझी तक्रार नाही.

मंगळवारी सकाळी प्लॉट विकणारे जगदीश शेठ यांनी ती चिंधी पाहिली आणि इथे आता दर्गा होणार असे गावभर केले. दहा वाजता ते वीस माणसे व ढोल घेऊन आंब्याखाली पूजेला आले. भरपूर धूप घातला. मोहोळाखाली धूर करू नये हे आमच्या पोरांनाही कळते. पुढची पळापळ मी माझ्या दारातून पाहिली. मला हसू आले, हे खरे आहे.

तोंड सुजल्यावर शेठनी फिर्याद दिली. तीत मधमाश्यांचे नाव नाही. शिळफाट्याहून सुकट विकायला येणारे हकीमभाई यांनी चिंधी बांधून हल्ला घडवला, असे आहे. पळापळ झाली तेव्हा हकीमभाई माझ्या दारात सुकट मोजत होते. काल दुपारपासून ते इथे बसून आहेत. सुकटही इथेच आहे, हे वासावरून कळते.

चिंधी माझी आहे म्हटल्यावर साहेबांनी पुरावा मागितला. पुरावा मी नेसून आले होते. जप्त केलेली चिंधी पदराच्या फाटक्या कडेला लावली, ती जुळली. हवालदार म्हणाले, साडी जमा करावी लागेल. मी म्हटले, "करा. पन आदी दुसरी नेसायला आना." तो विषय तिथेच राहिला.

साहेब हसून म्हणाले, मग काही नाही, नुसती चिंधीच आहे. मला राग आला. मी विचारले, "सायेब, काल ती हकीमभाईची व्हती तवा गुन्हा व्हता. आज माजी निगाली तर नुसती चिंधी कशी झाली?" साहेब म्हणाले, हे लिहू नका. मी म्हटले, लिवा.

जबाब मला दोनदा वाचून दाखवला. पहिल्या वेळी शेवटचा प्रश्न गाळला होता, म्हणून पुन्हा वाचायला लावला. आता मी सांगितला तसा आहे. हकीमभाई दाराबाहेर गेले की अंगठा देते.