काकूचं रक्त परदेशी निघालं

आमच्या पुणतांब्याच्या काकूची तऱ्हाच न्यारी. लस टोचल्यावर इथल्या माणसांचं अंग रोगाशी कसं झुंजतं आणि थंड मुलखातल्यांचं कसं, हे ताडून बघायला एक डॉक्टरीण काकूचं रक्त न्यायला आली.

"माझं रगात इमानानं जानार?"

"हो आजी, बर्फाच्या डब्यातून."

काकूनं आतून दही आणलं. लांब निघालेल्याच्या हातावर दही घालायची आमची रीत. तिनं ते डॉक्टरणीच्या तळहातावर घातलं.

"त्येच्या वाटचं तुमीच खा बाई. त्येला कुठं हात हाय?"

डॉक्टरणीनं दही खाल्लं आणि डबा उचलला.

तेव्हापासून आभाळात विमान दिसलं की काकू हातातलं काम विसरून बघत राहते. परवा हळूच म्हणाली, "तिकडं लई थंडी हाय म्हनं. सोसंल का रं त्येला?"

म्हटलं, "काकू, इथलं रक्त काय काय सोसतं, तेच तर बघतायत ते."