माईकपुढची रांग

शाळा-मंडळाच्या निवडणुकीचे उमेदवार स्टेजवर बसले होते. प्रश्न विचारायच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून होत्या.

"टेस, घरी चल. स्टेजवर बसलेल्या नवऱ्याला चारचौघांत प्रश्न विचारतात होय?" सासू म्हणाली.

"घरी विचारून झालंय. घरी म्हणतो, गावातली शाळा बंद होऊ देणार नाही. इथे काय म्हणाला, ऐकलंत ना?"

"सगळे पर्याय खुले आहेत, म्हणाला."

"आणि केवढ्या टाळ्या घेतल्या!"

"मतं मागायची तर असंच बोलावं लागतं गं."

"लोर्ना, शाळा गेली तर पोरांना बर्फातून तासभर बसने जावं लागेल. तुमच्या नातीला, इंग्रिडला, बसमध्ये फिट आली, तर कोण सांभाळणार?"

सासूने स्टेजकडे पाहिलं.

"पुढचा प्रश्न!" स्टेजवरून पुकारा झाला.

टेस निघाली, तेवढ्यात सासूने तिचा दंड धरून तिला मागे ओढलं आणि स्वतःच माईक घेतला.

"मी लोर्ना हॅल्वर्सन, कर्टची आई. कर्ट, शाळा बंद करणार की नाही? एका शब्दात सांग."

कर्टने आधी बायकोकडे पाहिलं.

"करावी लागेल, आई."

"बरं झालं सांगितलंस," लोर्ना माईकमध्येच म्हणाली. "माझं मत तुला नाही."