बंद मशीनचा गुण

...आणि मशीन लावलं कुठे, तर डोक्याला! खांदा दुखतो हो माझा, डोकं नाही. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखणं कळतं ते मेंदूला, म्हणून बाहेरूनच बारीकसा करंट द्यायचा, चिरफाड नाही, सुई नाही. आमचे हे म्हणाले, "जा, तेवढाच आत उजेड पडेल."

तुम्हाला सांगते, लाँड्रीत हॉटेलच्या चादरींना इस्त्री मारून मारून खांदा असा धरलाय, की वेणी घालायला हात वर जात नाही. म्हणून सुपरवायझरबाईंनी दया करून मला उशीच्या अभ्र्यांच्या घड्या घालायच्या हलक्या कामावर बसवलेलं... आणि सासूबाईंचं एकच, "तिच्या डोक्यात आहे ते." खांदा दुखतो हो माझा, डोकं नाही!

तर रोज जाऊन मशीनचा तो पट्टा डोक्याला बांधून बसायचं. मशीनवाल्या बाई कपाळावर ओला स्पंज ठेवायच्या, हळूच विचारायच्या, "आज कसं वाटतंय?" असं मला कधी कुणी... जाऊ दे. आणि खांदा सुटला की हो! मग मी कसली गप्प बसते? लाँड्रीभर हात गरागरा फिरवून दाखवला, वरचा पंखा पुसला, आपल्या तोंडाने चादरी मागून घेतल्या. हौस!

आणि शेवटी कळलं, माझं मशीन बंद होतं. म्हणजे दवाखान्यात त्यांनी आधीच सांगितलेलं, आम्हा पेशंटांतल्या काहींचं मशीन खोटं असेल, खऱ्याचा गुण किती ते ताडून बघायला. मी मनात म्हटलं, असेल कुणा बिचारीचं! डॉक्टरीणबाई समजावत होत्या, "आराम खरा होता तुमचा. दुखणंही खरंच आहे." घरी येऊन मी शब्दन् शब्द सांगितला, पण ऐकणाऱ्यांनी 'बंद' एवढंच ऐकलं. सासूबाई म्हणाल्या, "मी काय म्हणत होते?" हे म्हणाले, "आपला मिक्सरही बंद पडलाय, तो लावून बघ." आणि अभ्र्यांचं काम? ते केव्हाच दुसऱ्या बाईकडे गेलं.

थोड्याच दिवसांत खांद्याचं दुखणं परत आलं, दुप्पट होऊन. मग खरं मशीन लावलं, कपाळाला चांगल्या मुंग्या आणणारं... खांदा ढिम्म. खांदा दुखतो हो माझा, डोकं नाही, त्या मशीनला काय कळणार? मी म्हटलं, "बाई, ते बंदवालंच लावा ना." त्या म्हणाल्या, "आता तुम्हाला माहीत झालंय ना."

आता दुखतंय म्हटलं की सगळे हसतात. म्हणून मी सांगणंच सोडलं, चादरी ओढते आणि बरी आहे म्हणते. मशीनला नावं नाही हं ठेवत मी... माझ्या दुखण्यापासून घरादाराला आराम पडलाय. राहिले ती मीच.