मिश्र माध्यम

झेरॉक्सच्या रांगेत चित्रकार बाई उभ्या होत्या. त्या भरवत असलेल्या प्रदर्शनात आपली कलाकृती मांडण्यासाठी नावं द्यायचा आज शेवटचा दिवस, आणि गल्लीतून एकही नाव आलेलं नव्हतं. पुढे दोघी जावा भिंतीवरची त्याचीच जाहिरात वाचत होत्या.

“अगं धाकटे, दे की तुझा बटणांचा कोंबडा!”

“‘मिश्र माध्यम’ हवंय, जाऊबाई. माझी शाळा एकाच माध्यमातली, तीही चौथीपर्यंत.”

“माझी दुसऱ्या माध्यमातली. दोघींची नावं घाल, झालं मिश्र!”

“आणि कोंबड्याचं शिक्षण विचारलं तर?”

“रोज पहाटे क्लास घेतो म्हणावं!”

बाईंना हसू आवरेना. पेन काढून त्यांनी भिंतीवरचे ते दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं, ‘चिकटवा, शिवा, ठोका. कोंबडा आधी.’

मागून रांगेतला वेल्डर ओरडला, “बाई, जोडीला माझी लोखंडी कोंबडी चालेल?”