घडीच्या सायकलचं हँडल

स्वस्तात काम करून घ्याचा शौक असन न, तं आधी माह्यं ऐका. माही ती जुनी घडीची सायकल, मधातून दुमडली की पुलगावच्या बसमध्ये सीटखाली जाते. पन हँडल इतकं बुटकं, का चालवतानी गुडघे हनुवटीले लागत. नवीन घ्याले जीवावर आलं, म्हनून बाबारावकडे गेलतो. बाबाराव म्हंजे आमच्या चौकातला सायकल मिस्त्री. अक्कल देवानं त्याले पोत्यानं देल्ली.

त्यानं भंगारातून दूधवाल्याच्या सायकलचं हँडल काढलं. म्हने, "संध्याकाळी येजो. फिट करून ठेवतो."

संध्याकाळी पाह्यलं तं हँडल म्हशीच्या शिंगावानी ऐसपैस. मी खुशीत सायकल दुमडाले गेलो, तं हालेच ना.

"बाबाराव, हे दुमडून काऊन नाई राह्यली?"

"कशी दुमडन? मधातून तुटेल होती न भाऊ! कोन्या येड्यानं तिथं बिजागरी लावून काम भागवलं होतं. म्या पक्की वेल्डिंग मारली. त्याचे पैसे नको देजो."

"अरे, घडीची सायकल हाये ते!"

बाबाराव हात पुसत म्हने, "घडीच कराची होती, तं सतरंजी घ्याची होती!"