पट्टीवर डुक्करच होतं

— नाही मावशी, तो दोर माझ्या हातात देऊ नका. कुंपणाला बांधा, नाहीतर घेऊन जा परत — मी घेणार नाही. हीच ना ती? हीच. कानाला चीर आहे. अंगावर ओरखडा तरी आहे का बघा! माझा दादा चर्चमागे मातीत, आणि ही डुकरीण खुशाल माझ्या अंगणात रताळ्याच्या साली हुंगतेय. तुमच्या घरचे पुरुष तिकडे लांब का उभे राहिलेत — मी मारीन म्हणून? मारीनही. माझा काय भरवसा, अंगाला फासलेला सुतकाचा चिखल अजून वाळलेला नाही.

रीत मला माहीत आहे, शिकवू नका. मेलेल्याच्या भरपाईचं डुक्कर घेतलं की विषय संपला, मग कोणी कोणाला काही विचारायचं नाही. पण मला संपवायचाच नाही ना! या खोऱ्यातला पहिला पायलट होता तो. त्याला शिकायला पाठवलं तेव्हा अख्ख्या गावानं डुकरं विकली, तुम्हीसुद्धा विकलंत — आणि मला शाळेतून काढलं, दोघांचं झेपेना म्हणून. मी रडलो का? नाही रडलो. म्हटलं, एक भाऊ उडतोय ना, दुसरा रताळी लावेल. विमान थांबलं की पहिला हात मला करायचा तो, मग इंजिन बंद करायचा.

आणि लोक काय बोलतात, ऐकलंत? चौकशीची माणसं किनाऱ्यावरून आली, चाकांच्या खुणा बघितल्या, माना हलवल्या — डुक्कर आडवं आलं, पायलट घाबरला, विमान नाल्यात घातलं. घाबरला! दादा घाबरला! समोरच्या काचेवर घार आपटली होती त्याच्या, रक्तानं काच भरली, तरी बाजूच्या खिडकीतून बघत उतरवलं त्यानं — आणि वर आम्हालाच सांगत होता, "घारीनं तिकीट काढलं नव्हतं." पलीकडच्या गावात तर डुक्कर थेट चाकाखाली आलं. वळला का? नाही वळला. चाक मोडलं तर मोडू दे, पण वळायचं नाही, बाजूला दगड असतात — हा त्याचा नेम. मग मालकाला भरपाई दिली आणि त्याच लोकांत बसून तेच डुक्कर खाऊन आला, बोटं चाटत. असा माणूस तुमच्या या काळीसाठी वळेल? आपली धावपट्टी चढावाची, समोर डोंगर, एकदा उतरायला लागलं की परत वर जाता येत नाही — त्याला ठाऊक नव्हतं? डुकरासाठी नाहीच वळला तो, मी वरच्या टोकाला होतो ना, वामेनाहून येणारी तांदळाची पोती घ्यायला — पट्टी मधे फुगलेली आहे, खालच्यांना काय दिसणार — मला दिसलं, शिट्टी झाली, सगळे बाजूला झाले, ही सुटली, आणि हिचा दोर धरायला मागून तो लाल फ्रॉक —

काही नाही.

काही नाही म्हटलं ना. लाल काय — फुलं असतात तिकडे, लाल. असं बघू नका माझ्याकडे. ओर्पाचं नाव मी घेतलं का? तुम्हीच घेतलंत. तुमची नात घरात होती, तुम्हीच तर सांगितलंत त्या माणसांना. — काय? बोलत नाही? तेव्हापासून? जेवतही नाही?

मावशी, रडू नका. आवाज करू नका, ते पुरुष बघतायत. ऐका — मी कोणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. दुधाचे दात पडतायत हो तिचे अजून — जन्मभर लोक बोट दाखवतील, ही ती, हिच्यापायी गेला. त्यासाठी वाचवली का दादानं तिला?

द्या. दोर द्या इकडे. असा नाही, दोन्ही हातांनी द्या, सगळ्यांना दिसू दे. उद्या दगड तापवून हिला भाजतो, गाव जेवेल, विषय संपला. डुक्करच होतं. घाबरला म्हणतात तर म्हणू देत, दादा काय ऐकायला येतोय. ओर्पालाही आणा जेवायला, माझ्याजवळ बसवा. तिला म्हणावं, दादानं — नको. काही म्हणू नका तिला. जा आता. जा ना, मावशी!