धुक्यातली नाली

वाशीमचं ते धुकं मले अजून सपनात दिसते, बावा. पन्नासेक वर्षं झाली असतीन. नगरपालिकेची निवडणूक होती. पहाटे आमच्या गल्लीतल्या शेकोटीपाशी दोघं येऊन बसले, घोंगड्यात तोंडं लपेटून. प्रचारानं दोघाईचेही घसे बसलेले, आवाज वळखू येईना.

माही काकू म्हनली, "नालीचं पानी चुलीत शिरून राह्यलं."

"नाली घराच्या मांगून काढा लागते," एक म्हनला.

"मी बी तेच म्हनतो," दुसरा.

धुकं विरलं, घोंगड्या सरकल्या, छातीवरचे बिल्ले दिसले. एकमेकाईच्या विरोधातले उमेदवार!

पहिला ताडकन उठला. "मांगून कायले? नाली समोरूनच निघंल!"

काकूनं वर पाह्यलं. "सूर्यनारायणा, घडीभर थांबला असता तं माही नाली झाली असती ना रे!"